वेदनेचे शब्द
(निजामपुरा, वडोदरा येथील व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने वैद्यकावर बोलावे हे धाडसच. परंतु जुनाट दुखण्याच्या निदानात एक पायरी अशी आहे की, तेथे यंत्र थांबते आणि शब्दाचे काम सुरू होते. माझा अधिकार तेवढ्यापुरताच.

ताप तापमापकावर दिसतो. वेदनेला तसे यंत्र नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले किंवा पुनःपुन्हा उद्भवणारे दुखणे वैद्यक दीर्घकालीन मानते. अशा वेळी डॉक्टर विचारतात : केव्हापासून दुखते? कशाने वाढते? झोप लागते का? शून्य ते दहांत किती? ताप येतो का, वजन घटले का, हेही पाहतात. कापूस व टाचणी लावून संवेदना तपासतात. मात्र 'कसे दुखते?' हा प्रश्न फार मोलाचा. आग, मुंग्या, विजेसारखी चमक असे उत्तर आले की मज्जातंतूंचा संशय येतो. सकाळी सांधे बराच वेळ आखडलेले राहत असतील, तर विचार सुजेच्या संधिवाताकडे वळतो.

१९७५ साली माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेचे ७८ शब्द वीस गटांत मांडून प्रश्नावली सिद्ध केली. आपल्याकडेही ठणका, कळ, सणक, ठसठस, उसण, रग अशी संपत्ती आहे. पण याच भाषेत 'कळ काढणे' म्हणजे धीर धरणे! सोसण्यालाच आपण सद्गुण मानले, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया दवाखान्यातही 'थोडं दुखतं' यापुढे जात नाहीत.

वडोदऱ्यात आणखी एक अडचण. आजीसोबत नातू जातो आणि डॉक्टरांना 'दुखे छे' एवढेच सांगतो. आजीची आग, तिच्या मुंग्या वाटेतच गळतात. गुजरातीत बळतरा आहे, सणको आहे. नातवाला ना ते ठाऊक, ना हे. मग क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही की घरचेच म्हणतात, 'मनाचे खेळ'. वस्तुतः चित्रात झीज असून न दुखणारे पुष्कळ असतात, आणि चित्र स्वच्छ असून तळमळणारेही. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना, रुग्णाच्या सांगण्याचा आदर व्हावा, असे नमूद केले आहे.

सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली राज्यकारभाराचे शब्द 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'त अनेक भाषांतून संकलित झाले. शतक पूर्ण करणाऱ्या या ग्रंथालयाने वेदनेच्या मराठी-गुजराती शब्दांची एक छोटी पुस्तिका करावी, ही माझी विनंती. शब्द जपणे हे ग्रंथालयाचे व्रतच आहे. हे शब्द जपले तर कुणाचे तरी दुखणे वेळीच ओळखले जाईल.