ब्रियार्ड कुत्र्यांचें आनुवंशिक अंधत्व

जन्मानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं कुत्र्याचें पिल्लूं डोळे उघडतें, आणि आतां त्याला जग दिसूं लागलें असें घरचीं माणसें धरून चालतात. ब्रियार्ड या फ्रान्समधील लांब केसांच्या, मेंढ्या राखणाऱ्या जातींत मात्र हा समज कित्येकदां खोटा ठरतो. कांहीं पिल्लें संधिप्रकाशांत वस्तूंवर आदळतात; कित्येकांना भर दिवसांही धड दिसत नाहीं. स्वीडनमधील क्रिस्टिना नारफ्स्ट्रॉम व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें.

नवलाची गोष्ट ही कीं, अशा पिल्लांचे आईबाप बहुधा चांगले डोळस असतात. याचें कारण आनुवंशाच्या नियमांत आहे. प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. त्यांपैकीं एक जरी निर्दोष असली तरी दृष्टीचें काम भागतें. दोष अंगीं असून दिसत नाहीं. असे दोन वाहक एकत्र आले म्हणजे सरासरीनें चार पिल्लांपैकीं एक विकारग्रस्त, दोन वाहक व एक सर्वस्वी निर्दोष निपजतें. नामांकित कुळांतल्या कुळांतच जोड्या लावण्याच्या हौसेनें असे योग वाढतात.

दोष आहे तो आरपीई ६५ या जनुकांत. त्याचीं चार अक्षरें गळालेलीं असल्याचें १९९८ सालीं आढळलें. प्रकाश पडला कीं नेत्रपटलांतील अ जीवनसत्त्वापासून बनलेलें द्रव्य रूप पालटतें. तें पुन्हा कामास येण्याजोगें करणारें प्रथिन या जनुकामुळें तयार होतें. तें नसलें म्हणजे समईंत वात असून तेल पोंचूं नये, तशी डोळ्याची अवस्था होते.

याच जनुकाच्या दोषानें माणसांचीं मुलेंही जन्मतः दृष्टिहीन होतात. म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञांनीं निर्दोष प्रत एका निरुपद्रवी विषाणूंत घालून ती तीन आंधळ्या कुत्र्यांच्या नेत्रपटलाखालीं टोंचली. तीं अडथळे चुकवून चालूं लागल्याचें वृत्त २००१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील लान्सेलॉट पुढें फार गाजला. २००७ सालीं माणसांवर प्रयोग सुरू झाले, आणि डिसेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंत या उपचारास मान्यता मिळाली.

कुत्रीं पाळणाऱ्यांचें काम याहून सोपें आहे. जनुकाच्या तपासणीनें वाहक आधींच ओळखतां येतो. त्याला टाकून देण्याचें कारण नाहीं. तसें केल्यास जातीचें रक्त अधिकच आटेल व दुसरे दडलेले दोष वर येतील. निर्दोष जोडीदार मिळाला कीं त्याचें एकही पिल्लूं या विकारानें आंधळें होत नाहीं. वंशावळीच्या कागदावर थोर नांवें असतात. पिल्लाच्या डोळ्यांची हमी मात्र तपासणीच देते.