कोरडा मुलूख, मेंढरें आणि आपलें गायरान

(गंगाखेड तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व मेंढपाळ बंधूंपुढें झालेलें भाषण)



आज मेंढरांविषयीं बोलावयाचें आहे. परंतु मेंढरूं समजण्यास आधीं जमीन समजली पाहिजे. आपण ज्या पठारावर बसलों आहोंत तें सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भुईंतून उसळलेल्या तप्त रसाचे थरावर थर बसून झालें. तोच काळा पाषाण झिजून गोदाकांठची कापसाची काळी झाली. जिंतूर व गंगाखेडकडील डोंगरावर मात्र मुरूम आणि कुसळी गवत राहिलें. काळींत नांगर चालतो, मुरमावर मेंढरूं चालतें. ही वांटणी कोणा शास्त्रीबुवानें केलेली नाहीं.

पावसाचेंही तसेंच. पश्चिमेचा वारा सह्याद्रि चढतांना आपलें पाणी तेथेंच टाकतो. महाबळेश्वरीं वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यांत माण तालुक्यांत ५०० सुद्धां मुष्किलीनें. आपण पूर्वेकडे, म्हणून बंगालच्या उपसागराकडील ढग आपल्याला थोडा हात देतात व परभणीस ८०० च्या वर पडतो; पण तो चार महिन्यांत, आणि खंड देऊन. पाऊस कां हटला म्हणून पंचांगवाल्यास दक्षिणा देण्याआधीं शाळेंतला नकाशा पाहावा. तो फुकट आहे.

असाच कोरडा, पण अफाट देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. भारताच्या दुपटीहून मोठा, आणि वस्ती महाराष्ट्राच्या चौथाईहूनही कमी. तेथें पूर्वेची डोंगररांग ढग अडविते व आंतला मुलूख तहानेला राहतो. मेरिनो मेंढरें तेथें १७९७ सालीं गेलीं. कुरणें मूळ रहिवाशांपासून हिसकावलेलीं होतीं, हेंही सांगितलें पाहिजे. जमिनीच्या पोटांतलें पाणी १८७८ पासून बोअर घेऊन वर काढलें; कित्येक बोअर वर्षानुवर्षें उघडे वाहूं दिले, तेव्हां दाब उतरला आणि तोंडें बांधण्यास सरकारला पैसा खर्चावा लागला. आपल्याकडील बोअरवाल्यांनीं हें कान देऊन ऐकावें. लोकर कातरणाऱ्या मजुरांनीं १८९१ सालीं तेथें मोठा संप केला. संप मोडला, पण त्या चळवळींतूनच मजूरपक्ष उभा राहिला.

मेरिनो वर्षाला चार-पांच किलो लोकर देतें. आपलें दख्खनी मेंढरूं अर्ध्या किलोच्या आसपास, तीही जाडीभरडी. म्हणून त्याला कोणीं हिणवूं नये. उन्हांत कोसच्या कोस चालावें आणि कुसळावर जगावें हें दख्खनी मेंढराचेंच काम. त्याच जाड लोकरीचें घोंगडें सणगर व खुटेकर बंधु खड्ड्याच्या मागावर विणीत, चिंचोक्याची खळ देत. तें पावसांत छत्री होई व रात्रीं अंथरूण. गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटनें तो माग बसविला. आज लोकरीच्या विक्रींतून कातरणीची मजुरीही निघत नाहीं, आणि ती उकिरड्यावर जाते. मेंढपाळ आतां मटणाच्या भावावर जगतो. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनच्या गरोळ जातीशीं दख्खनीचा संकर करून जुळीं देणारी "नारी सुवर्णा" काढली आहे. चांगलें काम आहे; पण दोन कोंकरांना दूध पुरावयाचें तर मेंढीच्या पोटांत चारा हवा. तो कोठून आणावयाचा?

सुगीनंतर रानांत मेंढरें बसविलीं कीं लेंडी व मूत जागच्या जागीं मिळतें, गाडी जुंपावी लागत नाहीं. पूर्वीं याबद्दल धान्य देत. आतां कांहीं मंडळी चहाच्या कपावर भागवितात, आणि बांधावर एक मेंढरूं गेलें तर काठी उगारतात! हा हिशेब सरळ नाहीं.

आणि गायरान. सरकारचें जंगलखातें गायरानें गिळतें, हें गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८३ च्या सुमारास "शेतकऱ्याचा असूड" मध्यें मांडलें. आज तें आपणच गिळतों. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं गांवाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं बजावलें आहे. मात्र येथें जपून पाऊल टाकावें. भूमिहीन मागासवर्गीय बंधूंनीं पोटासाठीं जो तुकडा कसला, त्यांतील १४ एप्रिल १९९० पर्यंतचीं अतिक्रमणें नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ चा आहे. गरीब मेंढक्याला गरीब भूमिहीनावर घालून द्यावें आणि ज्याच्या घरीं पन्नास एकर बागाईत आहे त्यानें मध्यें कुंपण सरकवावें, हा डाव ओळखा. पहिलें बोट त्या कुंपणाकडे गेलें पाहिजे.

येत्या ग्रामसभेंत तलाठ्यानें गायरानाचा गट नंबर, क्षेत्र व अतिक्रमणाचा नमुना १-ई मोठ्यानें वाचून दाखवावा, असा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. ज्यांस सही येते त्यांनीं आतां करावी. ज्यांस येत नाहीं त्यांनीं अंगठा न देतां उद्यां रात्रीं शाळेंत यावें. नांव लिहावयास शिकवूं. ग्रामसभेस अजून आठ दिवस आहेत.