पहिली घंटा कोणाच्या हाती?



शाळा अकराला भरते असे आपण म्हणतो; पण शाळेचा दिवस त्याआधीच सुरू झालेला असतो. शिपाई येतो, दाराचे कुलूप काढतो, वर्गाच्या खिडक्या उघडतो आणि मग घंटा देतो. हेडमास्तर येतात ते त्यानंतर. दिवसभर हुकूम हेडमास्तरांचा चालतो हे खरे. पण शिपायाने कुलूपच काढले नाही, तर हेडमास्तरांनाही व्हरांड्यात ताटकळत उभे राहावे लागते. आपल्या खिशातल्या मोबाइल फोनात असाच एक शिपाई असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. त्याच्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत, कारण तुमचा फोन तुमचा किती आणि कंपनीचा किती, याचा निवाडा बऱ्याच अंशी हा शिपाईच करतो.

फोनचे नाव मी सोयीसाठी घेतले. दूध संकलन केंद्रावरचे फॅट काढायचे यंत्र, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, ग्रामपंचायतीतला इंटरनेटचा राउटर, या साऱ्यांच्या पोटात लहानसा संगणक असतो. त्या संगणकाच्या अंगातच जी आज्ञावली कारखान्यातून बसवून येते, तिला फर्मवेअर म्हणतात. तिच्यातला जो भाग वीज आल्याबरोबर प्रथम जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो, तो बूटलोडर.

आता यात एक गंमतीची अडचण आहे. संगणकाला कोणतीही आज्ञावली चालवायची, तर ती आधी त्याच्या कामाच्या स्मृतीत आणून ठेवावी लागते. पण आणून ठेवण्याचे कामही एखाद्या आज्ञावलीनेच करायचे! म्हणजे बैलगाडी आणायला बैलगाडीच हवी. इंग्रजीत या अडचणीला, स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्याला धरून स्वतःला वर उचलणे, असे म्हणत. त्यातला ‘बूट’ तेवढा शिल्लक राहिला आणि आज आपली मुलेसुद्धा ‘फोन रिबूट कर’ असे सहज म्हणतात.

ही अडचण कशी सोडवतात ते एका खऱ्या फोनवरून पाहू. पाइन६४ नावाच्या संस्थेने २०२० च्या जानेवारीत पाइनफोन नावाच्या फोनची पहिली खेप पाठवली. किंमत सुमारे दीडशे डॉलर. तो अँड्रॉइडवर नव्हे, साध्या संगणकावर चालते त्या लिनक्सवर चालवावा, या हेतूनेच बनवलेला होता. त्यातली मुख्य चिप ऑलविनर ए६४. या चिपच्या आतच, कारखान्यात कोरलेली, कोणालाही बदलता न येणारी एक छोटी आज्ञावली असते. वीज आली की ती आधी मेमरी कार्डाकडे पाहते. कार्डाच्या आरंभापासून आठ किलोबाइटवर, ठरलेल्या जागी, ठरलेली खूण आहे का? असेल तर तिथून फक्त बत्तीस किलोबाइटचा तुकडा उचलते आणि त्याच्या हाती कारभार देते. बत्तीसच का? कारण फोनची मोठी स्मृती, म्हणजे दोन-तीन गिगाबाइटची रॅम, अजून झोपलेली असते. चिपच्या आत जी चिमूटभर जागा आहे तेवढ्यातच सारे भागवायचे असते. तो बत्तीस किलोबाइटचा तुकडा रॅमला जागे करतो. मग मोठा बूटलोडर त्या रॅममध्ये येऊन बसतो. तो यंत्राच्या जोडणीचा नकाशा वाचतो, लिनक्सचा गाभा शोधून आणतो, आणि त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देऊन बाजूला होतो. हे सर्व काही क्षणांत. आपल्याला दिसते ते केवळ पडद्यावरचे चित्र.

या क्रमातली एक बारीकशी बाब लक्षात ठेवा: चिप आधी बाहेरच्या कार्डाकडे पाहते, मग आतल्या साठ्याकडे. त्यामुळे फोनच्या आतली आज्ञावली कितीही बिघडली तरी चांगले कार्ड घातले की फोन पुन्हा उठतो. कार्डही नसेल आणि आतही काही नसेल, तर चिप गप्प मरून पडत नाही. यूएसबीच्या तारेकडे कान लावून बसते, की बाहेरच्या संगणकावरून कोणी मला पाठ सांगेल काय! दुरुस्ती करणाऱ्याला अशा यंत्राची भीती वाटत नाही.

याच घराण्यातली ए१३ ही चिप आपल्याकडच्या ‘आकाश २’ या टॅब्लेटमध्ये होती. आकाशची आठवण शिक्षक मंडळींना असेलच. २०१२ साली तो निघाला. कामाची मोठी जबाबदारी मुंबईत पवईच्या आय.आय.टी.कडे होती. तिथल्या मंडळींनी त्या टॅब्लेटवर मेमरी कार्डावरून अँड्रॉइडऐवजी लिनक्स चालवून दाखवले. चिप आधी कार्डाकडे पाहते, म्हणूनच हे जमले.

पाइनफोनमधला तो मोठा बूटलोडर म्हणजे यू-बूट. त्याची कुळकथा सांगण्यासारखी आहे. मॅग्नस डॅम यांनी पॉवर-पीसी जातीच्या एका चिपसाठी छोटी आज्ञावली लिहिली होती. जर्मनीतले अभियंते वोल्फगांग डेंक यांनी ती हाती घेतली, वाढवली, २००० साली पीपीसी-बूट या नावाने सर्वांसाठी खुली केली. हळूहळू ती इतर जातीच्या चिपांवरही चालू लागली, तेव्हा जुने नाव तोकडे पडले आणि २००२ मध्ये ‘यू-बूट’ हे नाव आले. जर्मन भाषेत हेच शब्द ‘उ-बोट’ असे उच्चारतात आणि त्याचा अर्थ पाणबुडी. नाव ठेवणाऱ्याला विनोदाचे अंग होते, आणि पाण्याखाली राहून, कोणाच्या नजरेस न पडता काम करणाऱ्या वस्तूला ते शोभतेही. डेंक २०२२ साली वारले. त्यांचे काम राउटरांत, पुस्तके वाचण्याच्या किंडल यंत्रांत, किती तरी ठिकाणी रोज सकाळी जागे होते.

यू-बूट खुला आहे म्हणजे काय? त्याची मूळ लिखित आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. अट एकच, की यंत्रात घालून ते यंत्र विकलेत, तर घेणाऱ्याने मागितल्यावर मूळ लिखाण त्यालाही द्यायचे. या करारनाम्याला जीपीएल म्हणतात. लिनक्सचा गाभाही याच करारनाम्याखाली आहे. कागदावरची ही अट प्रत्यक्षात उपयोगी पडते का, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर राउटरच्या एका प्रसंगाने दिले. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये काही जाणकारांच्या लक्षात आले की याच्या पोटात लिनक्स आहे, पण मूळ लिखाण मात्र दिलेले नाही. बोलाचाली झाली, आणि त्याच वर्षी कंपनीने लिखाण खुले केले. त्यावरून २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली उभी राहिली. कंपनीने ज्यांच्याकडे पाहणे सोडून दिले असे कितीक राउटर तिच्या जोरावर पुढे वर्षानुवर्षे चालले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग झाले तर! लिखाण मिळाले, काम फत्ते. पण नाही. खरा पेच इथेच आहे.

अमेरिकेत टीव्हो नावाचे टीव्हीचे कार्यक्रम टिपून ठेवणारे यंत्र निघाले होते. त्यात लिनक्स होते, आणि कंपनीने नियमाप्रमाणे मूळ लिखाणही दिले होते. परंतु यंत्र सुरू होताना तपासून पाही की, आत आलेल्या आज्ञावलीवर कंपनीची सही आहे काय? सही नसेल तर ती चालायची नाही. म्हणजे लिखाण वाचा, हवे तेवढे सुधारा; पण सुधारलेले तुमच्याच यंत्रात घालू म्हणाल तर दार बंद. पुस्तक हाती दिले आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे ठेवली! यावर तोडगा म्हणून २००७ साली जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वापराच्या यंत्राबरोबर, बदललेली आज्ञावली त्यात बसवण्यापुरती माहितीही द्यावी, असे तिच्यात घातले. पण लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. लिनस टोरवाल्ड्स यांना तो बदल पटला नाही. म्हणून आजही अँड्रॉइड फोनमधल्या गाभ्याचे लिखाण मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, ते फोनमध्ये घालण्याचा नाही. तो बूटलोडरच्या मर्जीवर.

तर कुलूप वाईटच, असे मी म्हणत नाही. चोराच्या हाती फोन गेला आणि त्याला आत हवी ती आज्ञावली घालता आली, तर त्या फोनला काय अर्थ राहिला? सही तपासण्याची पद्धत या दृष्टीने शहाणपणाचीच आहे. प्रश्न कुलपाचा नाही, किल्ली कोणाकडे याचा आहे. गूगलच्या पिक्सेल फोनांत मालकाला स्वतःची किल्ली बसवून दार पुन्हा लावून घेता येते, अशी सोय ठेवलेली आहे. म्हणजे सुरक्षितता आणि मालकी यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. बऱ्याच कंपन्या मात्र ही सोय देत नाहीत. काही अर्ज करायला लावून, दिवस मोजायला लावून दार उघडू देतात, काही मुळीच उघडू देत नाहीत. मला हे रास्त वाटत नाही. ज्या फोनला सुधारणा पाठवणे कंपनीने स्वतःच बंद केले, त्याची किल्ली तरी तिने मालकाला द्यावी, एवढे मागणे जास्त नव्हे.

कारण फोन मरतो कसा ते पाहा. पडदा शाबूत असतो, चिप शाबूत असते. कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा थांबतात, मग एकेक ॲप ‘तुमचा फोन जुना झाला’ म्हणते, आणि चालता-बोलता फोन घरातल्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. ही रड ऐकून २०१७ साली पोस्टमार्केट-ओएस नावाचा खटाटोप सुरू झाला. फोन दहा वर्षे चालावा, हे त्यांचे उद्दिष्ट. स्नॅपड्रॅगन ४१० या चिपचे जे फोन २०१५ च्या सुमारास आपल्याकडे घरोघर आले, शाओमीचा रेडमी २ त्यांपैकीच, त्यांच्यासाठी या मंडळींनी एक युक्ती वापरली. कंपनीचा बूटलोडर हलवता येत नाही? राहू दे त्याला. त्याच्या मागे आपला दुसरा शिपाई उभा करू! एलके-सेकंड नावाचा हा दुसरा बूटलोडर, अँड्रॉइडचा गाभा जिथे असायचा त्या जागी बसतो. पहिल्याला वाटते, आपण अँड्रॉइडला उठवतो आहोत. उठतो हा, आणि मग हा हवे त्याला उठवतो. अर्थात पहिल्याने परक्याला आत सोडले तरच हे साधते.

यातून सगळे सुरळीत होते, असा समज मात्र करून घेऊ नका. पुष्कळ जुन्या फोनांवर लिनक्स उठते, पडदा लागतो, वायफाय चालते. फक्त फोन लागत नाही! कॅमेरा तर बहुधा रुसलेलाच असतो. आणि पाइनफोनसारख्या खुल्या फोनातही एक कोपरा बंद राहिलेला आहे. मोबाइल टॉवरशी बोलणारा मोडेम हा त्यात वेगळा, स्वतंत्र संगणकच आहे. २०२१ च्या सुमारास एका कार्यकर्त्याने त्याच्याही बऱ्याचशा आज्ञावलीला खुला पर्याय लिहिला. पण प्रत्यक्ष रेडिओलहरी सांभाळणारा भाग कंपनीचा, बंदच राहिला. म्हणून पाइनफोन बनवणाऱ्यांनी मागच्या झाकणाखाली बारीक खटके ठेवले. मोडेम, माइक, कॅमेरा यांचा खटका पाडला की तो भाग बंद. आज्ञावली खुली असो वा बंद, तिला विचारण्याचे कारणच नाही.

शिक्षक मित्रांनो, हे तुमच्या मुलांना करून पाहू द्यायचे असेल, तर दोन-तीन पथ्ये पाळा. ज्या फोनवर बँकेचे, यूपीआयचे व्यवहार चालतात, त्याला हात लावू नका. बूटलोडर उघडला की अशी काही ॲप चालेनाशी होतात. उघडताना फोनातले फोटो, नंबर सारे पुसले जाते, तेव्हा आधी नक्कल काढून ठेवा. नेमक्या आपल्या मॉडेलचीच आज्ञावली घ्या. भलत्याच मॉडेलची घातली तर फोनची वीट होते, असे या धंद्यातले लोक म्हणतात, आणि वीट भाजून झाल्यावर तिची परत माती होत नाही. म्हणून पहिला प्रयोग टाकाऊ फोनवर करावा.

आणि जमलेच, तर त्या फोनला सिम नको, कॅमेरा नको. शाळेतल्या कपाटावर वायफायला जोडून ठेवला, त्यात किविक्स नावाची आज्ञावली घालून मराठी विकिपीडियाची प्रत उतरवून ठेवली, की इंटरनेट गेलेले असतानाही वर्गातल्या टॅब्लेटवर मुलांना ती वाचता येते. अट इतकीच, की जुन्या फोनची बॅटरी रात्रंदिवस चार्जरवर राहिली की फुगते. आठवड्यातून एकदा मागचे झाकण उघडून हात फिरवून पाहा, आणि फुगवटा जाणवला तर फोन त्याच दिवशी चार्जरवरून काढून ठेवा.