‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी

घरातल्या आजोबांची चाल मंदावली, हिशेबाला वेळ लागू लागला की आपण म्हणतो, ‘वय झालं.’ दरवेळी तेवढंच कारण नसतं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, ताठर होतात. रक्त कमी पोचतं. लकवा होत नाही, म्हणून कळतही नाही. एमआरआयवर मात्र पांढरे डाग दिसतात. आणि आपण? बरं वाटलं की गोळी बंद! अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवू पाहिला, तेव्हा स्मरण-आकलनातली सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी आढळली; डागही कमी वाढले. अर्थात १२० सगळ्यांनाच मानवत नाही, काहींना चक्कर येते. आपला आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा.