जमीन वॉशिंग्टनची, पाणी कुणाचे?



गिरणीकामगाराला पाण्याच्या कायद्यावर भाषण कशाला, असे कुणी म्हणेल. पण चाळीच्या सामाईक नळावर पहाटे चारला उठून ज्याने कळशीचा नंबर लावला आहे, त्याला हा कायदा वकिलाच्या आधी कळतो. गोष्ट अमेरिकेची आहे. भांडण मात्र ओळखीचे आहे : मध्यवर्ती सरकार विरुद्ध राज्य.

अमेरिकेचा पश्चिम भाग कोरडा. तिथे नेवाडा राज्यात शंभरातले सुमारे ऐंशी एकर वॉशिंग्टनच्या मालकीचे. १८४९ पासून कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसांचे लोंढे आले, ते अशाच सरकारी जमिनीवर. जमीन त्यांची नव्हती. पण सोने धुवायला पाणी पाहिजे. त्यांनी आपसांत ठरवले, जो आधी पाणी वळवील त्याचा हक्क आधी. म्हणजे नळाची रांगच की! फरक एवढाच, की पहिला नंबरवाला आपली सगळी पिंपे भरून घेणार आणि दुष्काळ पडला तर शेवटच्याच्या कळशीत थेंब नाही. वाटून घेऊ, ही भाषाच नाही. १८६६ साली अमेरिकन काँग्रेसने (त्यांच्या पार्लमेंटचे नाव ते, आपल्या काँग्रेसचा संबंध नाही!) हा रिवाज मान्य केला. पुढे १९३५ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितले, की सरकारी जमिनीवरच्या, जहाजे न चालणाऱ्या नद्यांचे पाणी १८७७ च्या कायद्यापासून राज्यांच्या ताब्यात गेले. जमीन वॉशिंग्टनची, पाणी राज्याचे!

राज्यांच्या हक्कासाठी भांडणाऱ्याला इथे टाळी वाजवावीशी वाटेल. जरा थांबा.

मोंटाना राज्यात मिल्क नावाची नदी आहे. नाव दुधाचे, पण उन्हाळ्यात पाण्याचीच मारामार. तिच्या काठी असिनिबोइन आणि ग्रो व्हांत्र या आदिवासी जमाती राहतात. १८८८ साली त्यांनी सरकारशी करार केला, अफाट मुलूख सोडला आणि फोर्ट बेलनॅप नावाचा एक तुकडा राखून ठेवला. शिकार सोडा, शेती करा, असा सरकारचा उपदेश. ठीक. पण वरच्या अंगाला नवे शेतकरी आले, त्यांनी बांध घातले, आणि १९०५ च्या दुष्काळात खाली पाणी येईना.

ते शेतकरी काही चोर नव्हते बरं का. जमिनी त्यांना याच सरकारच्या कायद्यांनी मिळालेल्या, घाम त्यांचा स्वतःचा. ते कोर्टात म्हणाले, राज्याच्या कायद्याप्रमाणे नंबर आमचा आधी. करारात पाण्याचा शब्द नाही. शिवाय १८८९ साली मोंटाना राज्य झाले, तेव्हा वॉशिंग्टनने पाण्याबद्दल काही राखले असेल तर तेही संपले.

६ जानेवारी १९०८ रोजी सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. कोर्टाचे म्हणणे साधे होते : एवढा मुलूख देऊन टाकणारी माणसे पाण्यावाचून कोरडी पट्टी पदरात घेतील काय? जमीन राखली तेव्हाच तिच्यापुरते पाणीही राखले गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर, ज्या दिवशी खोली मिळाली त्या दिवसापासून नळावर नंबर लागला, कळशी ठेवली असो वा नसो.

हा न्याय १९६३ साली सरकारी जंगले आणि अभयारण्ये यांनाही लागू झाला. मग गंमत सुरू झाली. नेवाडात डेव्हिल्स होल म्हणून एक कपार आहे. तिच्या पाण्यात इंचभर लांबीची मासळी राहते, जगात दुसरीकडे कुठे नाही. अडीच मैलांवरच्या बागाईतदाराने १९६८ साली पंप लावले, पाणी उतरले, मासळी अंडी घालते तो खडक उघडा पडू लागला. राज्याने त्याला परवाना दिला, तरी १९७६ साली कोर्टाने एकमताने पंपांना लगाम घातला. दोनच वर्षांनी न्यू मेक्सिकोच्या खटल्यात तेच कोर्ट पाच विरुद्ध चार मतांनी म्हणाले, की जंगल राखले ते लाकडासाठी आणि पाणलोटासाठी. तिथल्या मासळीसाठी किंवा गुरांच्या पाण्यासाठी वॉशिंग्टनने राज्याच्या रांगेत उभे राहावे!

आपल्याकडे हे भांडण घटनेतच लिहिलेले आहे. राज्यांच्या यादीत १७ वी नोंद पाण्याची, केंद्राच्या यादीत ५६ वी आंतरराज्य नद्यांची. तंटा झाला की १९५६ च्या कायद्याने लवाद. कृष्णेसाठी तो १९६९ साली नेमला गेला. म्हणून तिकडचे बघून ठेवा. पाणी राज्याकडे आहे की केंद्राकडे, हे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न उरतो : नळ कुणाच्या घरात आला?

नावाहो ही तिथली मोठी जमात. त्यांच्या राखीव मुलखाला कोलोरॅडो नदीची हद्द आहे, १८६८ चा तह आहे, आणि १९०८ च्या निकालाने पाण्याचा हक्कही आहे. तरी सुमारे तिसरा हिस्सा घरांत नळ नाही; लोक ट्रकवर पिंपे लादून मैलोगणती पाणी आणतात. त्यांनी कोर्टात एवढेच मागितले, की आम्हाला पाणी किती लागते ते मोजा आणि ते मिळवून देण्याची योजना आखा. ॲरिझोना, नेवाडा, कोलोरॅडो ही राज्ये विरोधात उभी राहिली, वॉशिंग्टनही विरोधात! एरवी एकमेकांच्या नरडीला हात घालणारी ही मंडळी त्या दिवशी एका बाकावर. जून २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : हक्क आहे, पण त्यासाठी पावले उचलण्याचे बंधन तहाने सरकारवर घातलेले नाही.

निकालानंतरही पिंपे ट्रकवरच राहिली.