मुलांचे दांत आणि भुलीचें औषध

कोल्हापूर ही गुळाची पेठ. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, तिच्या भरभराटींत गुळाच्या व्यापाराचा वांटा मोठा. हिंवाळ्यांत गुऱ्हाळें पेटलीं कीं घरीं ताज्या गुळाची ढेप येते, आणि आजी नातवाच्या हातावर खडा ठेवीत म्हणते, "साखर नको बाळा, गूळ खा, अंगीं लागतो." आजीच्या मायेंत उणें कांहींच नसतें, परंतु दांतांवरील जंतूंना साखर आणि गूळ हा भेद कळत नाहीं. दोहोंपासूनही ते आम्लच तयार करतात, आणि त्या आम्लानें दांत झिजतो.

२००२-०३ सालच्या राष्ट्रीय पाहणींत भारतांतील पांच वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिकांचे दांत किडलेले आढळले. त्यांतील एखाद्याचे आठ-दहा दांत किडतात, तें रात्र रात्र रडतें, आणि दंतवैद्याच्या खुर्चींत बसवितांच तोंड घट्ट मिटून घेतें. अशा वेळीं पूर्ण भूल देऊन एकाच बैठकींत सर्व काम उरकण्याचा सल्ला मिळतो. मातापित्यांच्या काळजांत धस्स होतें. पडावयाच्याच दांतांसाठीं एवढें साहस कशाला? परंतु दुधाच्या शेवटच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकावयाच्या असतात. तोंवर पू आणि ठणका सोसणें हेंही साहसच होय.

दंतवैद्यकाचा भुलीशीं संबंध जुना. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग करणारा विल्यम मॉर्टन दंतवैद्यच होता. तथापि हें औषध खेळ नव्हे. म्हणूनच इंग्लंडांत २००१ सालच्या अखेरीनंतर दांतांसाठीं पूर्ण भूल रुग्णालयांतच द्यावी, असा दंडक झाला. आपल्याकडेही स्वतंत्र भूलतज्ज्ञ व रुग्णालय यांचा आग्रह धरावा. भुलीपूर्वीं सहा तास अन्न देऊं नये. मुलाची सर्दी, खोकला, ताप लपवूं नये. बुद्धीला अपाय होईल काय, ही शंका स्वाभाविक आहे. अर्भकपणीं एकदांच, तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांची बुद्धि पांचव्या वर्षीं इतरांहून उणी नसल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें. मात्र तीन वर्षांखालील मुलांस दीर्घ किंवा वारंवार भूल देण्याविषयीं अमेरिकेच्या औषध खात्यानें २०१६ सालींच सावध केलें होतें. सारांश, दुसऱ्यांदा भूल देण्याची पाळीच येऊं नये.

उपचाराचें पहिलें फळ लवकर दिसतें. ठणका जातो, झोप लागते, मूल पोटभर जेवूं लागतें. घर आनंदतें, आणि नेमकें तेथेंच चुकतें. तपासणीस जाणें थांबतें, रात्रीची दुधाची बाटली चालूच राहते. मग वर्षा-दोन वर्षांत पुष्कळ मुलांच्या दांतांस नवी कीड लागते. भूल वेदना हरते. संवय हरीत नाहीं.

तेव्हां या उपचाराचें यश रुग्णालयाच्या दारांत मोजूं नये. दर तीन महिन्यांनीं दांत तपासून घ्यावे. फ्लोराईडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढें वाटाण्याएवढी घ्यावी; आणि मूल सात-आठ वर्षांचें होईतों दोन्ही वेळां वडील माणसानेंच दांत घासावे. आजीनें गुळाचा खडा द्यावा, पण तो जेवणाच्या ताटांत. आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्याच मायेच्या हातानें नातवाचे दांतही घासावे.