बिल्ल्यामागचा माणूस
(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषण)



हुकूमशाही माणसाचे माणूसपण कसे चिरडते हे कादंबऱ्यांतून कसे दिसते, असा विषय आम्हाला दिला आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. साहित्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण दोन कादंबऱ्या वाचल्या. एकीत रेल्वे निघाली, दुसरीत टपाल. म्हणजे विषय आपल्याच खात्याचा आहे.

पहिली कादंबरी येवगेनी झाम्यातिन या रशियन जहाज-इंजिनिअरची. तिचे नावच ‘आम्ही’. क्रांतीच्या बाजूने उभा राहिला म्हणून झारने त्याला तुरुंगात टाकले होते. क्रांतीनंतर १९२०-२१ मध्ये त्याने ही कादंबरी लिहिली, तर नव्या सरकारने ती छापू दिली नाही. १९२४ मध्ये ती न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. मायदेशात छापली गेली १९८८ मध्ये. लेखक तर १९३७ मध्येच पॅरिसला वारला होता.

या कादंबरीतल्या राज्यात कोणाला नाव नाही, फक्त नंबर. नायक आहे डी-५०३. घरे काचेची. सगळ्यांनी एकाच मिनिटाला उठायचे, एकाच क्षणी घास उचलायचा, प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा. स्वतःचे म्हणून दिवसात दोनच तास. आणि या लोकांना जुन्या जगातला सर्वात थोर ग्रंथ कोणता वाटतो? रेल्वेचे वेळापत्रक!

आपल्याला हसू येते. पण बंधूंनो, वेळापत्रक गाडीसाठी असते. माणसाचे अख्खे आयुष्य त्यात बसवायचे नसते. १९७४ च्या संपात आठ तासांच्या ड्युटीची मागणी होती ती कशासाठी? उरलेले तास आपले असावेत यासाठीच ना?

दुसरी कादंबरी जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’. ती १९४९ मध्ये निघाली. हा लेखक जन्मला बिहारात, मोतिहारीला. त्याचा नायक विन्स्टन सरकारी कारकून आहे. जुनी वर्तमानपत्रे सरकारच्या सोयीप्रमाणे बदलून लिहायची, हे त्याचे काम. तिथे प्रत्येक पत्र वाटेत फोडले जाते आणि ते कोणी लपवतही नाही. म्हणून लोक पत्रे लिहीतच नाहीत. छापील कार्डावर वाक्यांची यादी असते. नको ती खोडायची आणि कार्ड टाकायचे. पोस्टमन आणि आर.एम.एस.च्या बांधवांनी कल्पना करावी, थैलीभर कार्डे आणि त्यात एकाचेही स्वतःचे वाक्य नाही! आपल्याकडे १९८६ मध्ये पत्रे अडवण्याचे जादा अधिकार सरकारला देणारे विधेयक संसदेने मंजूर केले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही.

आता आमच्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. झाम्यातिनच्या राज्यात दरवर्षी एकमत-दिन असतो. सर्वांनी हात वर करून त्याच पुढाऱ्याला निवडायचे. एका वर्षी हजारो हात विरोधात वर जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र छापते, निवड एकमताने झाली. शेवटी शस्त्रक्रियेने लोकांची कल्पनाशक्तीच काढून टाकतात. मग जिच्यावर प्रेम केले तिचा छळ डी-५०३ शांतपणे बघत बसतो.

हे वाचले आणि आमच्या शाखेतली एक जुनी सभा आठवली. ठरावाविरुद्ध एका गँगमनने हात वर केला. आम्ही म्हणालो, “खाली बस, वेळ नाही.” आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिले, ‘ठराव एकमताने मंजूर’. तो पुन्हा सभेला आला नाही. विन्स्टनचे काम आम्हीही केले होते, कोणी न सांगता.

बंधूंनो, ‘आम्ही’ हा शब्द युनियनचा प्राण आहे. एकटा माणूस साहेबापुढे टिकत नाही म्हणून आपण ‘आम्ही’ म्हणतो. पण आपले ‘आम्ही’ एकेका माणसाच्या ‘मी’मधून उभे राहते. त्या राज्यातले ‘आम्ही’ हा ‘मी’ पुसून उभे राहते. साहेब आपल्याला बिल्ल्याच्या नंबराने ओळखतो ही आपली जुनी तक्रार. निदान युनियनने तरी माणसाला नावाने हाक मारावी.

तेव्हा सर्व शाखा-चिटणीसांना विनंती. पुढच्या सभेत विरोधात एक जरी हात वर आला, तरी त्याचे म्हणणे पुरते ऐका, नोंदवहीत त्याचे नाव लिहा आणि मगच ठराव मंजूर करा. एकजूट त्याने कमी होत नाही, पक्की होते.

कामगार एकजुटीचा विजय असो!